खडकीचे काडतूस

पितळेचे एक काडतूस. लांबी जेमतेम सव्वा इंच, टोकाला शिशाची बोथट गोळी. उलटे धरून बुडाची चकती पाहिली, की मधल्या टोपीभोवती बारीक ठशात ‘के’ आणि ‘एफ’ ही दोन रोमन अक्षरे दिसतात. ही किर्की फॅक्टरीची, म्हणजे १८६९ साली पुण्याजवळ खडकीला उभ्या राहिलेल्या दारूगोळा कारखान्याची खूण. लोक याला ‘बत्तीस बोर’ म्हणतात. खरे तर हे बोर नव्हे. बारा बोर म्हणजे एक पौंड शिशातून बारा गोळ्या पडतील एवढ्या तोंडाची नळी. तिथे आकडा वाढला की तोंड लहान होते. बत्तीस हा इंचाचा शंभरावा भाग मोजणारा आकडा, आठ मिलिमीटरच्या आतबाहेरचा. पण परवान्याच्या कागदावर, दुकानात आणि बोलण्यात ‘बत्तीस बोर’ हाच शब्द रुळला आहे. आत्मरक्षणासाठी स्वतःच्या नावावर रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घेणारा माणूस नेहमी एकच प्रश्न विचारतो : टिकाऊ कोणते, भरवशाचे कोणते? उत्तरासाठी तो पोलाद पाहतो, कंपनीचे नाव पाहतो, हातात तोलून पाहतो. माझे म्हणणे असे, की या देशात गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाचा निकाल काडतुसाने लावला आहे, आणि कोणते काडतूस कोणाच्या हाती पडावे याचा निकाल सरकारने. हत्याराच्या पोलादाची पाळी त्यानंतर येते.

ज्या काळात निवड खुली होती त्या काळापासून सुरुवात करू. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टने आपली रिव्हॉल्व्हर मांडली आणि तिथेच रॉबर्ट अ‍ॅडम्स या इंग्रज कारागिराचीही होती. कोल्टमध्ये दर बाराला घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागे. अ‍ॅडम्समध्ये चाप ओढला की घोडा आपणच उठे आणि आपणच पडे. कोल्टची नळी सांगाड्याला पाचरीने अडकवलेली असे, तर अ‍ॅडम्सची नळी आणि सांगाडा एकाच घडीव लोखंडातून काढलेला, म्हणून हाणामारीत तो खिळखिळा होत नसे. १८५६ मध्ये फ्रेडरिक ब्यूमाँट या इंजिनिअर अधिकाऱ्याच्या सुधारणेने दोन्ही सोयी एकत्र आल्या : नेम धरायला वेळ असेल तर अंगठ्याने, नसेल तर नुसत्या चापाने. १८५७ च्या उठावात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला ही दोन्ही घराण्यांची हत्यारे होती. त्यांच्यातला वाद पुढे कितीतरी वर्षे चालला, आणि तो मुख्यतः गोळीचा वाद होता. कोल्टच्या ‘नेव्ही’ नमुन्याची गोळी हलकी व अचूक, अ‍ॅडम्सची जाड व जड. अंगावर धावून आलेल्या माणसाला जागेवर थांबवील ती कोणती, यावर मते फुटली. हिंदुस्थानातल्या अधिकाऱ्यांचा कल जाड गोळीकडे होता. वेब्ली या इंग्रज कंपनीची पुढची सारी वाटचाल त्याच कलाने झाली.

बर्मिंगहॅमच्या वेब्लीची रिव्हॉल्व्हर ब्रिटिश फौजेने १८८७ साली स्वीकारली. तिची ठेवण ज्याने हाताळली त्याच्या बोटांना कायमची आठवते. घोड्याजवळची खिट्टी अंगठ्याने दाबायची, नळी खाली मोडायची. मोडता मोडता चक्रीच्या मध्यातून तारा वर येतो आणि सहाही रिकामी पितळे एकदम बाहेर फेकतो. घोड्यावर बसलेल्या माणसालाही ती एका दमात रिकामी करून भरता येई. ०.४५५ इंची, १७ ग्रॅमची गोळी. आणि धूळ, चिखल, घाम यांना न जुमानणारी बेतशीर सैल यंत्रणा. काळ्या दारूची काजळी एवढी साचे, की काही बारांनंतर पुष्कळ रिव्हॉल्व्हरची चक्री फिरेनाशी होई. त्या काळात सैलपणा हा गुण होता. याच वेब्लीच्या कारखान्यातून १९०१ मध्ये जॉर्ज फॉस्बरीची स्वयंचलित रिव्हॉल्व्हर बाहेर पडली. फॉस्बरी वायव्य सरहद्दीवरच्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला अधिकारी. रणांगण त्याला ठाऊक नव्हते असे कोणी म्हणणार नाही. त्याचे यंत्र देखणे होते, बाराच्या धक्क्यानेच वरचा भाग रुळांवरून मागे सरके आणि चक्री फिरवी. पहिल्या महायुद्धाच्या चिखलात ते रूळ अडले. साध्या वेब्लीचा १९१५ चा सहावा नमुना मात्र त्याच खंदकांत युद्ध संपेपर्यंत चालला.

इथे एक बारकावा आहे, तो माझ्या मुद्द्याला जवळचा आहे. ब्रिटिश अधिकारी आपली रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशाने घेत असे. मुंबईत काळ्या घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची इमारत आजही उभी आहे. लष्करी अधिकाऱ्यांच्या या सहकारी दुकानाच्या जाडजूड यादीतून तंबूपासून बंदुकीपर्यंत काहीही मागवता येई. अधिकाऱ्याने वेब्ली घ्यावी की कोल्ट की आणखी काही, हे त्याचे तो ठरवी. अट एकच : हत्यार सरकारी काडतूस खाणारे हवे. म्हणजे ज्याला सगळे मोकळे होते त्याच्याही निवडीला काडतुसाची वेसण होतीच, कारण पलटणीच्या कोठारात जे नाही ते सरहद्दीवर मिळायचे नाही. अटीबाहेर गेलेल्यांतले नाव घ्यायचे तर विन्स्टन चर्चिलचे. १८९६ मध्ये मुंबईला उतरताना ससून डॉकच्या पायऱ्यांशी त्याने लोखंडी कडी पकडली, त्याच क्षणी लाटेने होडी खाली गेली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. तो खांदा पुढे कधीच पुरता भरवशाचा राहिला नाही. १८९८ साली सुदानात ओम्दुर्मानच्या घोडदळाच्या चढाईत त्याने तलवारीऐवजी दहा काडतुसांचे माउझर पिस्तूल वापरले, ते या खांद्यामुळे. स्वतःचे शरीर, स्वतःचे काम आणि स्वतःचा पैसा पाहून केलेली ही निवड. ती त्याला करता आली, हे लक्षात ठेवायला हवे.

कारण त्याच वेळी हिंदी माणसाला ती करता येत नव्हती. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरले. युरोपीय, अमेरिकन, अर्मेनियन, युरेशियन यांना नियमांतून सूट. हिंदी लोकांत संस्थानिक, काही सरदार-जमीनदार आणि कुर्गचे कोडव यांच्यासारखे थोडेच सुटले. रानडुकरे पीक फस्त करतात तरी शेतकऱ्याला ठासणीची बंदूक मिळत नाही, ही तक्रार गावोगाव होती. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. १९१८ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात सैन्यभरती करताना गांधीजींनी जे पत्रक काढले त्यात एका सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राज्याच्या काळ्या कृत्यांत सर्वांत काळा म्हणून इतिहास नोंदवील, अशा आशयाचे वाक्य आहे. अहिंसेचा पुरस्कर्ता हे लिहितो तेव्हा त्याचा रोख हत्यारावर नसतो, अविश्वासावर असतो. ज्या सरकारला प्रजेच्या निष्ठेची खात्री नाही ते आधी तिच्या घरातली भिंतीवरची बंदूक मोजते.

वर्णभेदाची सूट १९२० च्या दशकाच्या आरंभी नियमांतून गेली, पण अविश्वासाचे दुसरे, अधिक टिकाऊ रूप तोवर तयार झाले होते : काडतुसावरचा पहारा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिशांनी ०.४५० इंची रायफली व त्यांची काडतुसे हिंदुस्थानात आणायला बंदी घातली. फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती लागल्या तर त्यांना खाद्य मिळू नये, हा हेतू. शिकारीच्या बंदुका करणाऱ्या इंग्रज कारखान्यांना त्यामुळे ०.४७० सारखी नवी मापे काढावी लागली. भीती अगदीच निराधार नव्हती. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रॉडा या हत्यारविक्रेत्या कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले पळवली, आणि त्यांच्याबरोबर ४६,००० काडतुसे. एका पिस्तुलामागे नऊशेहून अधिक. पोलिसांची झोप उडाली ती या दुसऱ्या आकड्याने, कारण पिस्तूल वर्षानुवर्षे टिकते, त्याचा धोका किंवा उपयोग किती काळ चालणार हे काडतुसांच्या पेट्या ठरवतात. फौज वापरते ते माप प्रजेकडे नको, हे सूत्र तिथून पक्के होत गेले.

स्वतंत्र भारताने १९५९ चा कायदा केला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. जुना कायदा राष्ट्राला निःशस्त्र करण्यासाठी होता, नवा कायदा कायदा पाळणाऱ्या नागरिकाला योग्य कारणासाठी हत्यार मिळावे म्हणून आहे, अशी त्याची भूमिका होती. भूमिका बदलली, मापांची भिंत राहिली. ०.३८, ०.४५५ आणि ९ मिलिमीटर ही मापे फौज व पोलिसांची म्हणून प्रतिबंधित. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला मुख्यतः ०.३२ उरले : रिव्हॉल्व्हरसाठी स्मिथ अँड वेसन लाँग, पिस्तुलासाठी ब्राउनिंगचे आखूड काडतूस. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्याला परदेशी हत्यारांची सामान्य माणसासाठीची आयातही बंद झाली. यातून एक विलक्षण गोष्ट घडली. ०.३२ लाँग हे काडतूस १८९६ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसनच्या, चक्री बाजूला निघणाऱ्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी जन्मले. थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या पोलिस मंडळावर होते तेव्हा तिथल्या शिपायांना याच मापाची कोल्ट मिळाली. नंतर अमेरिकेने जड काडतुसे पसंत केली आणि हे माप तिथे मागे पडले. त्याच्या जन्मभूमीत ते नेमबाजांपुरते उरले, आणि इथे मात्र लाखभर रुपये मोजून घेतल्या जाणाऱ्या रिव्हॉल्व्हरचे रोजचे खाद्य बनले. ते जिवंत ठेवले ते कायद्याने, आणि खडकीच्या कारखान्याने.

म्हणूनच इथल्या बाजारात टिकाऊपणाचा अर्थ वेगळा झाला. आयात बंद झाल्यावर आधी आलेली वेब्ली, कोल्ट, स्मिथ अँड वेसन यांची ०.३२ मापाची हत्यारे हातोहात फिरू लागली आणि त्यांच्या किमती मूळ किमतीच्या कित्येक पट झाल्या. सरकारी कारखान्याने कानपूरला ०.३२ ची सहाबारी रिव्हॉल्व्हर काढली, तिचा घाट वेब्लीच्या ०.३८ च्या चौथ्या नमुन्यावरून घेतला. तीच मोडणारी नळी, तीच खिट्टी, तोच तारा. ईशापूरहून अशनी पिस्तूल आले. २०१४ मध्ये कानपूरच्याच कारखान्यातून हलक्या टायटॅनियम मिश्रधातूची ‘निर्भीक’ ही रिव्हॉल्व्हर आली, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत सव्वा लाखाच्या घरात. १८८७ च्या लष्करी घोडेस्वारासाठी आखलेली ठेवण २०१४ मध्ये शहरातल्या स्त्रीच्या पर्ससाठी दिली गेली, याचे कारण ती ठेवण सर्वोत्तम होती एवढेच असू शकत नाही. स्पर्धा नव्हती, काडतूस हलके होते, आणि हलक्या काडतुसाला मोडत्या सांगाड्याची ताकद पुरत होती.

यावर पहिला आक्षेप असा, की पोलादाला इतके खाली ढकलू नका. वेब्ली शंभर वर्षे टिकली ती धातूमुळेच ना? खरे आहे. बर्मिंगहॅमला १८१३ पासून नळी तपासणारे प्रूफ हाउस आहे. दर नळीत नेहमीपेक्षा जादा दाबाचा बार उडवून पाहायचा आणि तरली तरच शिक्का मारायचा, अशी तिथली रीत. जुन्या वेब्लीवर भिंग धरले तर मुकुटाखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’, ‘एनपी’ अशी अक्षरे सापडतात. शेवटचे ‘एनपी’ म्हणजे धूररहित दारूसाठी तपासलेली. जुने हत्यार घेणाऱ्याने कंपनीच्या नावाआधी हा शिक्का शोधावा, कारण काळ्या दारूच्या जमान्यातल्या नळीला आजच्या काडतुसाचा दाब पेलेलच असे नाही. पण याच दाखल्याचा दुसरा भाग पाहा. वाड्यातल्या फडताळात राहिलेली ०.४५५ ची वेब्ली, शिक्क्यांसकट, गंजाचा ठिपका नसलेली, घोड्याचा खटका अजून घड्याळासारखा : तिचे माप प्रतिबंधित, काडतूस दुकानात मिळत नाही, वारसाला परवाना मिळणे कठीण. पोलाद शाबूत आहे आणि हत्यार मेलेले आहे. तिच्या शेजारी कानपूरची साधी बत्तीस बोर ठेवली तर भरवसा या बत्तीस बोरवरच ठेवावा लागतो.

दुसरा आक्षेप पिस्तूलवाल्यांचा. जगभरच्या पोलिसांनी रिव्हॉल्व्हर सोडली, १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक घेतली तेव्हापासून प्लॅस्टिकच्या सांगाड्याची पिस्तुलेही हजारो बार सोसतात हे सिद्ध झाले. मग इथेच रिव्हॉल्व्हरचा आग्रह का? पोलिसांचे पिस्तूल सतत सरावात असते, त्याची स्प्रिंग, मॅगझीन, काडतुसाची जात हे सारे वारंवार तपासले जाते. इथला परवानाधारक परवान्यावर लिहिलेल्या संख्येतच काडतुसे घेतो, ती महाग असतात, बार उडवायला मैदान जवळ नसते. त्याचे हत्यार वर्षातले बहुतेक दिवस कपाटात भरलेल्या किंवा अर्धवट भरलेल्या स्थितीत पडून असते. पिस्तुलात एक काडतूस फुसके निघाले तर स्लाइड ओढून ते बाहेर काढावे लागते आणि हे सवयीशिवाय घाबरलेल्या हाताला जमत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप दाबला की पुढचे काडतूस समोर येते. भरवसा हा हत्यार, काडतूस आणि हात या तिघांचा मिळून असतो, आणि ज्याला सराव करता येत नाही त्याच्या हिशेबात साधेपणाचे वजन वाढते. माप दुबळे आहे हा आक्षेप मात्र मी पूर्ण खोडून काढणार नाही. ०.३२ लाँगची गोळी साडेसहा ग्रॅमच्याही आत, जुन्या वेब्लीच्या गोळीच्या निम्मीसुद्धा नाही. पण तिचा धक्का सौम्य आहे आणि ती अचूक आहे. आंतरराष्ट्रीय सेंटर-फायर स्पर्धेतले नेमबाज आजही तीच वापरतात.

भरवशाची एक बाजू लोक विसरतात : नको तेव्हा न उडणे. जुन्या कोल्टमध्ये घोडा थेट काडतुसाच्या टोपीवर टेके, म्हणून जाणते लोक सहाच्या जागी पाचच भरत आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवत. हत्यार हातातून फरशीवर पडले तर जीव वाचवणारी ही रीत होती. पुढे बारानंतर घोडा मागे सरकून थांबण्याची आणि चाप पूर्ण दाबल्याशिवाय तो टोपीपर्यंत पोहोचू न देण्याची योजना आली. घरात मुले असतील तर घेणाऱ्याने नळीच्या लांबीपेक्षा याची चौकशी आधी करावी. आणि पावसाळा. कोकणात, मुंबईत चार महिने हवेत पाणी असते. देखण्या चामडी म्यानात हत्यार कायमचे ठेवणे ही सर्वांत वाईट सवय, कारण कमावलेल्या चामड्यातले क्षार ओल धरतात आणि धातूवर त्याच आकाराचा गंज उमटतो. जुन्या काडतुसांच्या टोप्यांतल्या रसायनाचाही नळीत मिठासारखा थर उरे, म्हणून जुने शिकारी बार उडवल्यावर आधी गरम पाण्याने नळी धूत आणि मग तेल लावत. निवडणुकीच्या आचारसंहितेत पुष्कळांना हत्यार पोलिस ठाण्यात जमा करावे लागते. तिथून परत आल्यावर पहिले काम फडके आणि तेल.

उरतो सर्वांत गंभीर आक्षेप : बरे झाले, निवड आखडली, कमी हत्यारे, कमी मृत्यू. हत्यारे कमी असावीत याला माझा विरोध नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, तेही मला योग्य वाटते. पण किती जणांना द्यावे आणि ज्याला दिले त्याला कसले द्यावे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. मापांची भिंत उभी राहिली ती राज्यकर्त्यांना प्रजेची धास्ती होती म्हणून. धारकाच्या घरातल्या माणसांची सुरक्षितता तिने कधी मोजली नाही. कसून चौकशी करून ज्याला पात्र ठरवले, त्याच्या हाती, जमिनीवर पडले तरी न उडणारे, तपासलेल्या नळीचे, सरावाला पुरेशी काडतुसे असलेले हत्यार असावे, ही मागणी कमी हत्यारांच्या मागणीला छेद देत नाही. उलट सराव नसलेला धारक घरच्यांना अधिक धोकादायक असतो.

अलीकडे थोडी हालचाल दिसते. २०२० मध्ये उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे भारतीय भागीदाराबरोबर वेब्ली अँड स्कॉटचे उत्पादन सुरू झाले. सुरुवात कशाने केली, तर ०.३२ च्या रिव्हॉल्व्हरने. २०२१ मध्ये सरकारी आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या; त्यांतल्या कानपूरच्या कंपनीने २०२३ मध्ये ‘प्रबल’ ही रिव्हॉल्व्हर आणली, तिची चक्री वेब्लीसारखी मोडत नाही, बाजूला निघते, म्हणजे १८९६ च्या स्मिथ अँड वेसनसारखी. माप तिचेही ०.३२ च. ठेवण बदलायला सव्वाशे वर्षे लागली, काडतूस तेच राहिले. खडकीचा कारखाना आता पुण्यातच मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाचा भाग आहे. बर्मिंगहॅमचे नाव कोरलेली संडीलाची रिव्हॉल्व्हर असो की कानपूरची प्रबल, तिच्या सहा घरांत बसते ते बत्तीस बोरचे हेच सव्वा इंची पितळ.